ऐकू आलं की बटण दाबा

ऐकू आलं की बटण दाबा,
इतकंच सांगते मी दिवसभर.
हॅलिफॅक्सच्या चढावर, एका पडद्यांच्या दुकानाच्या वर,
कपाटाएवढी खोली, भिंतींना राखाडी स्पंज,
आत माणूस, कानांवर हेडफोन, हातात बटण.
बाहेर मी आणि आलेख.

काहीजण आवाज नसताना दाबतात.
फसवत नाहीत ते. वाट पाहण्याचाच एक आवाज होत असावा.
मी तिथे खूण करत नाही,
पण घरी जाताना तीच माणसं आठवतात.

शुक्रवारी आठल्यांकडे जमतो आम्ही सातजण.
श्रीरंग आठल्ये, निवृत्त भूलतज्ज्ञ.
अडतीस वर्षं माणसांची जाणीव काढून ठेवली
आणि ज्याची त्याला परत केली, एकही कमी नाही, म्हणतात.
(एकदा चहा ओतताना म्हणाले : एक कमी.)
ज्ञान एकदम होतं की हळूहळू, हा विषय
दिवाळीपासून चाललाय. घड्याळं तासभर पुढे गेली,
आम्ही तिथेच.
नलू देवस्थळी म्हणाल्या, मुक्याने गूळ खाल्ला, तो काय सांगणार.
हे त्या चाळीस मिनिटं सांगत होत्या.
बोलाचीच कढी, कुणीतरी पुटपुटलं
आणि खरी कढी वाढून घेतली.
मी हसले. मग वाटलं, मी तरी का येते इथे,
दर शुक्रवारी, गाडीची काच आतून पुसत?
त्या एकाबद्दल आठल्ये पुन्हा बोलले नाहीत.
आम्हीही विचारलं नाही.
त्यापेक्षा ज्ञानाचं बोलणं सोपं पडतं.

मंगळवारी मिसेस ओल्ड्रॉइड आल्या. पंच्याऐंशी.
पंधराव्या वर्षी गालिच्यांच्या गिरणीत लागलेल्या,
मागांच्या खडखडाटात कान तिथेच ठेवून आलेल्या.
आलेख मधेच कड्यावरून घसरावा तसा.
म्हणाल्या, एक आवाज येतो. बाहेरून नाही.
कुणी काही आपटत नाही, वाजवत नाही, तरी येतो.
रात्री जास्त. सगळ्यांनाच येतो का गं?

जिभेवर शब्द आला होता. अनाहत.
गिळायला हवा होता, पगार त्याचा मिळत नाही.
म्हणाले, आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं डोळे मिटून बसतात
असा आवाज ऐकू यावा म्हणून.
त्यांनी नीट पाहिलं माझ्याकडे,
डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.
'मग त्यांना म्हणावं, माझा घेऊन जा.'

हसल्या. आणि मग कोट काढला.
एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं,
नवऱ्यालाही नाही, तो गेला तोवर.
आवाज काही गेला नाही,
मी तसं म्हटलंही नव्हतं.
पण इतका वेळ खुर्चीच्या कडेवर होत्या,
आता पाठ टेकून बसल्या.

विचारलं, गिरणीत बोलायचात कसं, एवढ्या गोंगाटात?
तोंडाने, म्हणाल्या. आवाज न काढता, ओठ मोठे करून,
चार मागांच्या पलीकडे.
काय बोलायचात?
सगळं. कुणाला दिवस गेलेत,
मुकादम कुणाच्या मागे आहे,
रात्री जेवायला काय.

रात्री जेवायला काय,
एवढंसं पलीकडे पोचवायला
केवढे ओठ लागत असतील.

हे शुक्रवारी सांगावं का, ठरत नाही.
नलूताई तात्पर्य विचारतील.
आठल्ये कदाचित किटली खाली ठेवतील,
कदाचित नाही.

संध्याकाळी खाली उतरले तर त्या समोरच्या बसमध्ये.
काचेमागून मला पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या,
लांबलचक, तोंड भरून, आवाजाशिवाय.
एक अक्षर कळलं नाही.
बस हलली.
मी मान डोलावली,
बटण दाबावं तशी.